तापोळ्याची लाँच, दाभोळची फेरीबोट आणि मधला खडबडीत रस्ता: ग्रॅव्हल सायकलवर पाच दिवस

चिपळूणला आमच्या घरापासून वाशिष्ठी हाकेच्या अंतरावर आहे. एप्रिल-मेमध्ये आजूबाजूचे पऱ्हे आणि ओढे कोरडे ठणठणीत पडतात, तरी हिला पाणी असतं, आणि त्यातलं बरंचसं पाणी हिचं नसतं. सह्याद्रीच्या पलीकडे अडवलेलं कोयनेचं पाणी बोगद्यांतून खाली येतं, पोफळी आणि कोळकेवाडीच्या वीजघरांतली चक्रं फिरवतं आणि वाशिष्ठीत सोडलं जातं. तिथून दाभोळच्या खाडीत, आणि मग समुद्रात. एकोणीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवते. हा नकाशा फळ्यावर इतक्या वेळा काढलाय की डोळे मिटूनही काढेन. मुलांना सांगते, कोयना खरं तर पूर्वेला, कऱ्हाडला कृष्णेकडे जाणारी नदी. माणसाने तिच्या पाण्याला पश्चिमेची वाट दाखवली.

गेल्या डिसेंबरात हाच नकाशा सायकलवरून पार केला. सोबत पुण्याचा मामेभाऊ होता. महाबळेश्वरहून तापोळा, तिथून लाँचने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून अकल्पे, मग शिंदी, रघुवीर घाट, खोपी, खेड. पुढे दापोली, मुरुड, कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळ. फेरीबोटीने धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. पुन्हा फेरीबोटीने जयगड आणि शेवटी मालगुंड. पाच दिवस, आणि रोजचं अंतर पन्नास किलोमीटरच्या आत. आकडा वाचून कमी वाटेल. या रस्त्यांवर तेवढंच पुरतं, हे माझं मत जाण्याआधीही होतं आणि आल्यावर पक्कं झालं.

आधी सायकलींबद्दल, कारण बरेच जण तेच विचारतात.

माझी सायकल स्वतःची आहे, स्टीलच्या फ्रेमची. पुढे ३८ दातांची एकच चकती, मागे सर्वात मोठी ४२ दातांची, डिस्क ब्रेक, आणि ४२ मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर. भावाने त्याची भाड्याने घेतली. दुकानाला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की टायर किमान ४० चे हवेत, ट्यूबलेस हवेत, आत भोकं बुजवणारा द्रव ताजा भरलेला हवा. हातात आली ती ३५ मिलिमीटरची, आत साधी ट्यूब, आणि वरची नक्षी मधोमध जवळपास गुळगुळीत. घ्यायला गेला तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले, सकाळी निघायचं, बदलायला वेळ नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही. परतल्यावर त्यांनी चूक मान्य केली आणि दोन दिवसांचं भाडं परत दिलं. पण या चुकीची किंमत आम्ही अकल्पे आणि शिंदीच्या मधे मोजली. म्हणून भाड्याने घेणाऱ्यांना कळकळीने सांगते: टायरच्या कडेवर छापलेला आकडा स्वतः वाचा, चाक फिरवून बघा, व्हॉल्व्हपाशी द्रवाचा आवाज येतो का ते कान लावून ऐका. "हो मॅडम, तोच आहे" यावर जाऊ नका.

टायरवर मी एवढी का अडून बसले, त्याचं कारण पायाखालच्या दगडात आहे. ग्रॅव्हल म्हणजे खडी, आणि लोक ती एकच काहीतरी समजतात. या रस्त्यावर दोन अगदी वेगळ्या जातीची खडी आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे, तांबडी, सच्छिद्र. तापोळ्याकडे उतरायला लागलं की ती मागे पडते आणि काळा पाषाण सुरू होतो, म्हणजे बेसॉल्ट. हा फुटतो तो कोनाकोनांत, धारदार. खाली किनाऱ्याशी पोहोचलात की पुन्हा जांभा. जांभा मुळात याच काळ्या दगडाचा झालेला. लाखो पावसाळ्यांनी त्यातलं विरघळण्यासारखं सगळं धुऊन नेलं आणि लोखंड, ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं. त्याचा मुरूम गोटीसारखा गोल असतो. काळी खडी टायर कापते, तांबडा मुरूम टायर घसरवतो. पहिलीला हवा थोडी जास्त लागते, दुसऱ्याला कमी. माझं वजन ५८ किलो. घाटात मी पुढे ३३ आणि मागे ३६ पीएसआय ठेवली, किनाऱ्यावर आल्यावर २८ आणि ३१ केली. छोटा पंप आणि दाब मोजायचं यंत्र पिशवीत असायलाच हवं. माझी एक रात्रीची पँट कमी झाली तरी चालली असती, ते यंत्र नसतं तर चाललं नसतं.

तापोळ्याचा उतार डांबरी आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. वळणं आंधळी आहेत आणि शनिवार-रविवारी गाड्या पुष्कळ. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर उतरा. खाली हवा बदलते, स्ट्रॉबेरीचे वाफे दिसायला लागतात आणि मग एकदम पाणी.

आता लाँच. तापोळ्याला पर्यटकांना फिरवून आणणाऱ्या बोटी वेगळ्या, आणि पलीकडच्या गावांना जोडणाऱ्या वेगळ्या. आम्हाला दुसरी हवी होती. धक्क्यावर विचारत गेलो तर एका काकांनी थेट विचारलं, "अकल्प्याला कुणाकडं?" पाहुणे नाही, सायकलवाले आहोत, पुढे शिंदीला जाणार, म्हटल्यावर त्यांनी दोन पोरांना हाक मारली. माझी सायकल मी आडवी ठेवायला लागले, तर त्यातला एक म्हणाला, "ताई, गिअरची बाजू वर." आणि त्याने दोन सायकलींच्या मधे रिकामी पोती घातली, नायलॉनच्या दोरीने आडवी गाठ मारली, वर स्वतः हलवून बघितलं. मोठ्या शहरांतल्या बसच्या टपावर सायकली चढवताना मी जे पाहिलंय त्यापुढे हे काम फार जपून केलेलं होतं. आमच्यासोबत तांदळाचं एक पोतं, गॅसचा सिलिंडर, दवाखान्यातून परत निघालेल्या एक आजी आणि त्यांची सून. पाऊण तासाच्या आसपास लागला. पाण्यावरचं धुकं हळूहळू फाटत होतं. आजी काठाकडे बोट दाखवून सांगत होत्या की त्यांच्या सासऱ्यांची भातखाचरं या पाण्याखाली आहेत.

धरण झालं साठच्या दशकात. १०५ टीएमसी पाणी मी वर्गात सहज म्हणून जाते. त्या पाण्यावर बसून, ज्यांची जमीन खाली आहे त्यांच्याशेजारी बसून, तो आकडा माझ्या तोंडून निघाला नाही.

लाँचबद्दल माझं म्हणणं एवढंच: ही त्या लोकांची बस आहे, रुग्णवाहिका आहे, बाजाराची पिशवी आहे. जागा कमी असेल तर थांबा, पुढच्या फेरीने जा. भाडं चढायच्या आधी विचारून घ्या आणि सांगितलं तेवढं द्या. आम्हाला सांगितलेली रक्कम रास्त होती. परतीच्या वेळा पाण्याच्या पातळीवर आणि माणसांवर ठरतात, म्हणून त्या दिवसाचा पुढचा बेत मोकळा ठेवा. आम्ही अकल्प्याला एका घरी राहिलो. नाचणीची भाकरी, पिठलं, चुलीतली भाजलेली वांगी. मोबाईलला रेंज नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवलेला बरा.

दुसरा दिवस, अकल्पे ते रघुवीर घाट, हा या सगळ्या प्रवासाचा गाभा. खेडहून अकल्प्याला एसटी येते, त्यामुळे रस्ता आहे. पण अनेक ठिकाणी डांबर उखडून खालची काळी खडी वर आलीय, काही पट्टे नुसते मातीचे. कांदाटी खोऱ्याचा हा भाग, कोयना अभयारण्याच्या शेजारचा. डाव्या-उजव्या बाजूला उंबर, जांभूळ, अंजनी, आणि एका वळणावर समोर चकदेवचा डोंगर उभा राहतो. सकाळी सातला निघालो. पहिल्या तासात एकही वाहन नाही. रस्त्यावर गव्याचं ताजं शेण होतं, अजून वाफ निघत असलेलं. आम्ही तिथे उतरून बोलत बोलत, घंटी वाजवत चालत गेलो. अंधार पडल्यावर किंवा पुरतं उजाडायच्या आधी इथे सायकल चालवू नये, हे गावातल्या प्रत्येकाने आम्हाला सांगितलं आणि मी तुम्हाला सांगते.

भावाचं मागचं चाक इथे दोनदा बसलं. दोन्ही वेळा तेच: अरुंद टायर, टोकदार दगड, ट्यूब रिमखाली चिमटली, सापाच्या दातांसारखी दोन भोकं. पहिल्यांदा जादा ट्यूब घातली. दुसऱ्यांदा ठिगळ लावावं लागलं आणि आमच्याकडची चिकटवायची ट्यूब सुकून गेलेली निघाली. दीड तास गेला. शिंदीकडून मोटरसायकलवर आलेल्या एका दादांनी डिकीतून सोल्यूशन काढून दिलं, स्वतः कानशीने रबर घासून ठिगळ बसवलं, बोटाने दाबून धरत शांतपणे शंभरापर्यंत आकडे मोजले. पैसे घेतले नाहीत. माझ्या ४२ च्या टायरांना त्या अख्ख्या पट्ट्यात काही झालं नाही, नंतर धुताना मागच्या टायरवर एक बारीक चीर दिसली, द्रवाने आपोआप बुजलेली. दोघे एकाच रस्त्यावरून, एकाच वेगाने गेलो, म्हणून ही तुलना मला खरी वाटते.

खिंडीतून कोकण दिसतं तेव्हा थांबा. मागे पाणी पूर्वेला, पुढे पश्चिमेला. आम्ही बसलो होतो त्या कठड्याच्या दक्षिणेला, याच डोंगररांगेच्या पोटातून कुठेतरी कोयनेचे ते बोगदे जातात, ज्यांच्या तोंडाशी १९९९ आणि २०१२ साली तळ्याच्या तळाला छेद देऊन पाणी आत घेतलं गेलं. चौथीपासून ऐकलेलं, दहावीला शिकवलेलं. तिथे बसून गुळाची पोळी खाल्ली.

रघुवीर घाटाचा उतार तीव्र आहे, आणि पावसाळ्यात दरडी कोसळून तो अनेकदा बंद पडतो. डिसेंबरातही कडेला दरडीची माती आणि सुटे दगड पडलेले होते. ब्रेक सलग दाबून धरू नका. दाबा, सोडा, दाबा. दोनदा थांबून डिस्क गार होऊ द्या. हाताने चाचपून बघायला जाऊ नका, भाजतं. खोपीला पोहोचलो तेव्हा तळहात बधिर झाले होते आणि हवा दमट, ओळखीची झाली होती.

खेड ते दापोली हा पट्टा मला आवडला नाही. मोठा रस्ता, वाहनं, चढ. आतल्या वाडीवस्तीच्या रस्त्यांनी थोडं वळसे घेत गेलो तरी बरंचसं डांबरच. ज्यांचा वेळ कमी आहे त्यांनी हा भाग टेम्पोने करावा, काही चुकल्यासारखं होणार नाही. दापोलीच्या पुढे मात्र आसूदला नक्की वळा. सायकल वर रस्त्याला कुलूप लावून ठेवा आणि केशवराजाच्या देवळाकडे पायी जा. पोफळींच्या आगरातून, पाटाच्या पाण्याच्या आवाजातून ती पाखाडी चढताना दोन दिवसांची धूळ उतरल्यासारखी वाटते. मुक्काम मुरुडला. महर्षी कर्व्यांचं गाव. मुलगा असताना ते इथून चालत साताऱ्याला परीक्षेला गेले होते, डोंगर चढून. आम्ही उलट दिशेने, गिअरच्या सायकलवरून उतरलो होतो, आणि तरी पाय भरून आले होते.

चौथ्या दिवशी कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे. ओहोटीच्या वेळी पुळणीवरून सायकल चालवायचा मोह होतो. ओल्या, घट्ट वाळूवर ती चालतेही छान. पण खारं पाणी चेन आणि बेअरिंगमध्ये जातं, आणि मऊ वाळूत घरं करून राहणारे खेकडे चाकाखाली येतात. आम्ही कर्द्याला जेमतेम अर्धा किलोमीटर गेलो आणि परत रस्त्यावर आलो. त्यापेक्षा गावांमागच्या गडग्यांमधल्या वाटा घ्या. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वरून कलमांची सावली, खाली तांबडी माती. इथे रुंद टायरचा आवाज बदलतो, घाटातली कुरकुर जाऊन एक मऊ घरघर येते.

दाभोळला जेटीवर पोहोचलो तेव्हा फेरीबोट पलीकडे होती. स्थानिक लोक हिला जंगलजेटी म्हणतात. उतारावर शेवाळ असतं, सायकलचे बूट घातलेले असतील तर ते काढून साध्या चपला घाला. बोट येते, लोखंडी फळी साखळ्यांवरून खाली येते, सिमेंटवर घासत थांबते. आधी पलीकडचे उतरतात, मग दुचाक्या, मग गाड्या. आम्हाला खलाशाने बाजूच्या कठड्याला टेकून उभं राहायला सांगितलं. तिकीट बोटीवरच, सायकलचं वेगळं. दहा-पंधरा मिनिटांत धोपावे. रस्त्याने हेच अंतर काटायचं तर चिपळूणवरून अख्खा वळसा पडतो. खाडीचं पाणी त्या दिवशी मातकट हिरवं होतं. मी कठड्यावरून वाकून बघत राहिले. अकल्प्याला जाताना ज्या पाण्यावरून आम्ही आलो होतो त्यातलंच काही या क्षणी खाली असेल. भाऊ म्हणाला, "ताई, तू वर्गात हे सांगताना यापुढे थांबणारच नाहीस."

फेरीबोट ही या मार्गाची खरी सोय आहे आणि ती मला मनापासून आवडते. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावर या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. पूल झाले की आजारी माणूस रात्री-बेरात्री पलीकडे जाऊ शकेल, ते व्हायलाच हवेत. पण बोट आहे तोवर सायकलवाल्यांनी ती घ्यावी. वेळा आदल्या दिवशी गावात विचारा, ऋतूप्रमाणे बदलतात, आणि संध्याकाळची शेवटची फेरी धरायच्या भरवशावर राहू नका.

पाचव्या दिवसाचा हेदवी ते तवसाळ हा भाग मी पुन्हा पुन्हा करेन. इथे रस्ता सड्यावर चढतो. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, डिसेंबरात वाळक्या गवताने सोनेरी झालेलं, कडेला एकदम समुद्र. गवतात कुसळं इतकी की मोज्यांतून पायात शिरतात, लांब पँट घाला. गवताखाली कातळाला भेगा असतात, म्हणून आणि आणखी एका कारणाने मळलेली वाट सोडू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी ही गावं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. पुष्कळ चित्रांभोवती कुंपण नाही, काही अजून मातीखाली असतील. रेषा बोटभर खोल. चाकाला त्या कळत नाहीत. पावसाळ्यात याच कातळावर सोनकी, सीतेची आसवं यांचे गालिचे असतात, ते बीही याच पातळ मातीत पडलेलं असतं. सड्यावर मोकाट सायकली चालवल्याचे व्हिडिओ मी पाहिलेत आणि मला त्याचा राग येतो.

इथेच सायकलवाल्यांसाठीच्या एका नकाशाने आम्हाला सरळ एका आंब्याच्या बागेत नेलं. नकाशावर वाट पुढे जात होती, प्रत्यक्षात करवंदीच्या काट्यांचं कुंपण. बागेतले काका रागावले नाहीत. फवारणी चालली आहे, आत येऊ नका, म्हणाले, आणि बांधाबांधाने रस्त्याला लावून दिलं. कोकणात अशा वेळी आधी हाक मारायची, मग पाऊल टाकायचं.

बाईमाणसाने हा मार्ग करावा का, असं दोन मैत्रिणींनी विचारलं. करावा. मला एकदाही भीती वाटली नाही, गव्याच्या शेणापाशी सोडून. अडचण आहे ती स्वच्छतागृहांची, अकल्पे ते खोपीमध्ये तर अजिबात नाही. ज्या घरी चहा प्याल तिथेच विचारा, कुणी नाही म्हणत नाही.

जयगडला उतरल्यावर बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांचा रस्ता लवकर सोडा आणि किनाऱ्याने मालगुंड गाठा. आम्ही उतरलो त्या घरच्या मावशींनी सायकलींकडे बघितलं आणि आधी विहिरीवर पाठवलं. चेन माझ्याकडच्या ब्रशने निघेना, तांबडी माती तेलात मिसळून लापशीसारखी झालेली. मावशींनी नारळाचं सोडण आणून दिलं, म्हणाल्या याने घास. सोडणाच्या रेषा चेनच्या कड्यांमध्ये अचूक शिरत होत्या. पहिल्या पाण्याला तांबडा मळ आला, दुसऱ्याला काळा. पोफळीच्या बुंध्याशी ते दोन्ही रंग थोडा वेळ वेगळे वाहिले, मग मातीत जिरले. भावाने तोवर चाक काढून ३५ चा टायर माझ्या ४२ च्या शेजारी उभा करून फोटो काढला, दुकानाला पाठवायला.